बालभाव आणि काळोख

(इलेक्ट्रॉनिक सिटी, बेंगळुरू येथील मराठी वाचकांपुढे अनुवादिकेने केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील लिझ्यू या गावी, कार्मेलाइट संघाच्या मठात, ३० सप्टेंबर १८९७ रोजी एक तरुण धर्मभगिनी क्षयाने वारली. तिचे वय त्या वेळी चोवीस वर्षांचे होते. मठात तिने सुमारे साडेनऊ वर्षे काढली. या काळात तिने कोणतीही संस्था स्थापन केली नाही, लोकांपुढे प्रवचने केली नाहीत, की रोग्यांच्या सेवेसाठी ती गावोगाव हिंडली नाही. मठाच्या भिंतीबाहेर तिला ओळखणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. वरिष्ठांच्या आज्ञेवरून तिने काही वह्या मात्र लिहिल्या. मृत्यूनंतर बरोबर एक वर्षाने त्या वह्या ग्रंथरूपाने छापून निघाल्या, त्या २,००० प्रतींत. पुढे काय झाले ते आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९२५ साली रोमने तिला संतपद दिले आणि १९९७ साली तिला 'धर्माचार्य' ही पदवी दिली. कॅथलिक धर्मसभेच्या इतिहासात ही पदवी आजवर केवळ चार स्त्रियांना मिळाली असून, त्या चौघींत ही वयाने सर्वांत लहान आहे.

तिचे नाव तेरेझ मार्तँ. मठातील नाव 'बाळ येशूची व पवित्र मुखाची तेरेझ'. तिच्या आत्मवृत्ताचा अनुवाद करताना जे प्रश्न माझ्यापुढे उभे राहिले, त्यांतील एकाविषयी मी आज विशेषेकरून बोलणार आहे. तिच्या श्रद्धेला 'बालसुलभ' म्हणण्याचा प्रघात आहे. या विशेषणाचा मराठीत नेमका अर्थ काय करावा, हा तो प्रश्न.

पण त्याआधी 'धर्मभगिनी' या शब्दाविषयी दोन शब्द सांगते. 'कॉन्व्हेंट' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजी शाळा उभी राहते आणि प्रवेशासाठी लावलेली रांग आठवते. मठ आठवत नाही. 'जोगीण' हा शब्द जुन्या कोशांत आहे, परंतु बेळगाव-निपाणीकडील वाचकाला तो शब्द ऐकताच सौंदत्तीच्या यल्लम्माची जोगतीण आठवेल. 'संन्यासिनी' म्हटले तर भगवी वस्त्रे आणि भ्रमण आले. कार्मेलाइट स्त्री तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. वसईकडील ख्रिस्ती बांधव 'धर्मभगिनी' म्हणतात. ज्यांच्या घरातील ही गोष्ट आहे त्यांचाच शब्द मी घेतला.

आता 'बालसुलभ' या शब्दाकडे वळू. मराठीत लहान मुलाच्या वृत्तीसाठी शब्दांची वाण नाही. बालिश, पोरकट, भाबडा, भोळा, निरागस, लडिवाळ; प्रत्येकाचे वजन निराळे. 'बालिश' व 'पोरकट' हे दोष झाले. 'भाबडा' म्हणताना आपण त्या माणसाची किंचित कीव करतो. 'निरागस' हा शब्द अलीकडे छायाचित्रांखालीच अधिक दिसतो. राहता राहिला 'भोळा'. वारकरी परंपरेने 'भोळा भाव' या दोन शब्दांना मोठी प्रतिष्ठा दिली आहे, आणि मलाही प्रथम तोच शब्द जवळचा वाटला. तरीही तो मला ठेवता आला नाही. का, ते तिच्या चरित्रातून सांगणे सोयीचे होईल.

तेरेझचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी आलाँसाँ या गावी झाला. वडील लुई घड्याळजी होते. आई झेली आलाँसाँची प्रसिद्ध लेस विणणारी आणि स्वतःचा धंदा चालवणारी कर्तबगार स्त्री होती. नऊ अपत्यांपैकी पाच मुली जगल्या आणि पाचही पुढे मठात गेल्या. तेरेझ साडेचार वर्षांची असताना आई कर्करोगाने गेली. वडील मुलींना घेऊन लिझ्यूला मामाच्या गावी आले. आईची जागा घेणारी थोरली बहीण पोलीन हीसुद्धा १८८२ साली मठात गेली, तेव्हा या नऊ वर्षांच्या मुलीचे मातृछत्र दुसऱ्यांदा हरपले. त्यानंतरची काही वर्षे ती अतोनात हळवी झाली होती. जरासे कोणी काही बोलले की रडे, आणि रडल्याबद्दल पुन्हा रडे. हे तिनेच लिहून ठेवले आहे.

या हळवेपणाचा शेवट १८८६ च्या नाताळच्या रात्री झाला. फ्रान्समध्ये मुले त्या रात्री चुलीपाशी जोडे ठेवतात आणि वडीलधारी माणसे त्यांत भेटी भरतात. तेरेझला चौदावे वर्ष संपत आले होते, तरी धाकटी म्हणून तिचा हा लाड अजून चालू होता. मध्यरात्रीच्या उपासनेहून सर्वजण परतले. थकलेले वडील जरा त्रासून म्हणाले की, हे या वर्षी शेवटचेच, हे बरे झाले. ती जिना चढत होती. तिने ते ऐकले. डोळे भरून आले. सेलीन या बहिणीने तिला लगेच खाली जाऊ नकोस म्हणून विनविले. तिने आसवे आवरली, ती खाली आली आणि एकेक भेट उघडून हसू लागली. वडीलही हसले. प्रसंग एवढाच. परंतु तेरेझने आपल्या जीवनाचे दोन भाग याच रात्रीपाशी केले आहेत, आणि बाळपणीची दुपटी त्या रात्री सुटली अशा अर्थाचे ती लिहिते.

मित्रहो, हे लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे. जिला जग बालभावाची संत म्हणते, तिची आध्यात्मिक वाटचाल बालिशपणा टाकण्यापासून सुरू झाली. लहान मुलाचा विश्वास तिला जन्मजात मिळाला आणि तो तिने जपून ठेवला, असे झाले नाही. तो तिने मोठी झाल्यावर निवडला.

पुढच्या गोष्टी वेगाने सांगते. दुसऱ्याच वर्षी पॅरिसमध्ये तीन खून करणाऱ्या प्रांझिनी नावाच्या गुन्हेगारासाठी तिने प्रार्थना आरंभिल्या. वधस्तंभाशी त्याने क्रूसाचे चुंबन घेतल्याचे वृत्त तिने वर्तमानपत्रात वाचले आणि त्याला आपले पहिले लेकरू मानले. त्याच वर्षी ती वडिलांबरोबर रोमला गेली. पोपमहाशयांशी कोणी बोलायचे नाही अशी सक्त ताकीद असताना तिने तेराव्या लिओंच्या गुडघ्यांवर हात ठेवून पंधराव्या वर्षी मठप्रवेशाची परवानगी मागितली. शिपायांनी तिला उचलून बाहेर नेले. ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षीच, ती मठात शिरली. पुढच्या वर्षी वडिलांना मनोविकाराने काँ येथील इस्पितळात ठेवावे लागले. तेथे ते तीन वर्षे होते. 'पवित्र मुख' हा नावाचा उत्तरार्ध तिला का हवा होता, हे या वर्षांकडे पाहिल्यावर समजते. ख्रिस्ताच्या लाथाडल्या गेलेल्या चेहऱ्यात तिला आपला बाप दिसे. लोक तिच्या नावाचा पूर्वार्धच घेतात आणि उत्तरार्ध विसरतात, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

तिचा जो 'लहान मार्ग' म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचे तिचे आवडते उदाहरण या गावातील श्रोत्यांना फार दूरचे वाटणार नाही. रोमच्या प्रवासात श्रीमंती हॉटेलांतून तिने लिफ्ट पाहिली होती. त्या काळी ते नवलच होते. पूर्णत्वाचा खडा जिना चढण्याची माझी कुवत नाही, तेव्हा मलाही एखादी लिफ्ट हवी, असा विचार तिने केला. सेलीनने मठात येताना जुन्या करारातील उतारे टिपलेली एक वही आणली होती. तीत तिला दोन वचने मिळाली. एकात लहानग्याला जवळ बोलावलेले आहे. दुसऱ्यात, यशया संदेष्ट्याच्या वचनात, आई मुलाला जसे कुरवाळते तसे मी तुम्हांला कुरवाळीन असे देव म्हणतो. तिला उत्तर मिळाले. येशूचे बाहू हीच ती लिफ्ट, आणि त्यासाठी मोठे न होता लहान राहिले पाहिजे. १९७८ साली केऑनिक्सने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर यांच्या शिवारात ही वसाहत उभारावयास घेतली, तेव्हापासून येथे लिफ्टच्या खेपा किती झाल्या असतील कोण जाणे. त्यांतून वर जाणाऱ्या आपणांस या उदाहरणातील एक बारकावा चटकन कळेल. लिफ्टमध्ये शिरणाऱ्याला काही करावे लागत नाही, मात्र आत शिरावे लागते, आणि दार मिटल्यावर दोरावर भरवसा ठेवावा लागतो.

देवाला आईच्या रूपात पाहणे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. विठ्ठल आपली माउलीच आहे. येथे अनुवादात एक गंमत होते. फ्रेंचमध्ये 'तुम्ही' आणि 'तू' असा भेद आहे. तेरेझच्या काळी देवाशी बोलताना आदरार्थी बोलण्याची रीत होती. तेरेझ कधी आदरार्थी बोलते आणि भावनेच्या भरात एकदम एकेरीवर येते. फ्रेंच वाचकाला त्या ठिकाणी ठेच लागल्यासारखे होते. मराठीत ती ठेच कशी आणावी? आपण पांडुरंगाला 'अहो विठ्ठलराव' कधी म्हटले आहे? जनाबाई त्याच्याशी भांडते तीसुद्धा एकेरीतच. तिकडे जे धाडस होते ते आपल्याकडे सातशे वर्षांचे वळण आहे. शेवटी मी सर्वत्र 'तू' ठेवले, आणि जेथे मूळ भाषेत उडी आहे तेथे वाक्य तोडून नवा परिच्छेद केला. एवढाच उपाय मला सुचला.

ही जवळीक सोयीची आहे, तशी घातकीही आहे. तेरेझने एका ठिकाणी स्वतःला बाळ येशूचा खेळण्यातला चेंडू म्हटले आहे. बाळाने तो टोचून पाहिला आणि टाकून देऊन झोपी गेला, अशी ती कल्पना. आपल्यापैकी कित्येकांनी येथील विवेकनगरच्या बाळ येशूच्या देवळात गुरुवारी लोटणारी सर्व धर्मांची गर्दी पाहिली असेल. त्यामुळे बाळरूपातील देव आपल्याला परका नाही. पण मराठी वाचक 'चेंडू' वाचेल आणि लगेच यमुनेचा डोह, गोपाळ आणि कालिया त्याच्या मनात उभे राहतील. मग लेखणी आपोआप गौळणीच्या चालीवर जाऊ लागते. मी स्पष्टच सांगते, चेंडूची ती कल्पना मला स्वतःला फारशी रुचत नाही. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच भाविकांच्या चित्रांतील गुलाबी रंग तिला लागलेला आहे. त्यावर मराठी साखर आणखी घालावी असे मला वाटले नाही.

साखर घालण्याचे काम तिच्या बाबतीत एकदा होऊन गेलेले आहे. मठात आन्येस माता या नावाने वावरणारी पोलीन हीच वह्यांची पहिली संपादक. तसा अधिकार तेरेझने तिला दिलेला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु तिने सात हजारांहून अधिक फेरफार केले. भाषा सारखी केली, घरगुती तपशील छाटले, आणि तिन्ही वह्या एकाच मठाध्यक्षेला उद्देशून लिहिल्या आहेत असे भासवले. तत्कालीन मठाध्यक्षा मारी द गोंझाग यांनी तशी अटच घातली होती. सेलीनने मठात कॅमेरा आणला होता, म्हणून तेरेझची छायाचित्रे आपल्याला मिळाली. पण त्यांवरही हात फिरवला गेला. चेहरा गोल आणि मवाळ झाला. मूळ छायाचित्रांतील मुलगी रुंद हनुवटीची, सरळ पाहणारी आणि हट्टी आहे. वह्यांचा अस्सल पाठ १९५६ साली प्रकाशित झाला. प्रस्तुत अनुवाद त्याच पाठावरून केला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. २ एप्रिल १८९६ च्या रात्री, गुड फ्रायडे लागत असताना, तेरेझ अंथरुणावर पडली आणि तोंडात काहीतरी उसळून आले. दिवा तिने मालवला होता. ते रक्त आहे की काय हे पाहण्यासाठी तिने तो पुन्हा लावला नाही. सकाळपर्यंत वाट पाहिली. मरण जवळ आल्याचा तिला आनंदच झाला, कारण पलीकडे स्वर्ग आहे याविषयी तिला काडीचीही शंका नव्हती. ईश्वर नाही म्हणणारे लोक मनातून तसे मानीत नसतील, अशी तिची तोवर समजूत होती. आणि थोड्याच दिवसांत, ईस्टरच्या सणात, तिचा स्वर्ग गेला. धुके, बोगदा, आकाशापर्यंत पोहोचलेली भिंत, अशा प्रतिमा ती वापरते. अंधारातून एक आवाज तिला हिणवीत असे, की मरणानंतर तुला तुझा देव भेटणार नाही, याहून गडद रात्र मिळेल, शून्याची रात्र. हे सुमारे अठरा महिने, शेवटच्या श्वासापर्यंत चालले. या मजकुराच्या एका टप्प्यावर ती थांबते. पुढे लिहिले तर देवनिंदा होईल असे तिला भय वाटते.

याच वेळी तिला कळले की अश्रद्ध माणसे खरोखर असतात. आपण त्यांच्याच पंक्तीला बसलो आहोत, त्यांचीच कडू भाकरी खात आहोत, आणि देवाची इच्छा होईपर्यंत या पानावरून उठणार नाही, असे ती म्हणते. ती त्यांना 'बांधव' म्हणते. मी ख्रिस्ती नाही. श्रद्धेच्या बाबतीत माझे घरच दोन तट पडलेले आहे. परंतु भाविक स्त्रीने अश्रद्धांविषयी इतक्या बरोबरीच्या नात्याने लिहिलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही.

तिच्या भोळ्या विश्वासाला आणखी एक चपराक बसली. लिओ ताक्सिल नावाच्या लेखकाने डायना व्हॉन नावाची एक स्त्री कल्पिली होती. सैतानपूजा सोडून ती कॅथलिक झाली, अशा तिच्या कहाण्यांवर सारा कॅथलिक फ्रान्स लुब्ध झाला. तेरेझनेही तिला पत्र लिहिले आणि सोबत आपले एक छायाचित्र पाठवले. मठातील नाटकात ती जोन ऑफ आर्क झाली होती तेव्हाचे ते होते. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भरसभेत ताक्सिलने ही सारी थाप असल्याचे हसत हसत जाहीर केले. त्या वेळी पडद्यावर झळकत होते तेच छायाचित्र. तेरेझने डायनाचे म्हणून आलेले पत्र फाडून उकिरड्यावर टाकले. काळोख आधीच होता. त्यात तिच्या भोळेपणाचे हसे झाले. 'भोळा भाव' हे शब्द मी का ठेवू शकले नाही, ते आता आपल्या ध्यानी आले असेल. भोळेपणा फसला होता. नंतर जे उरले त्याला दुसरे नाव हवे.

या दीड वर्षात तिच्या सोबतिणींना यातले जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. ती सणासुदीला कविता करी, आजारपणात विनोद करी. तिच्या कविता वाचून वाटावे की स्वर्ग तिच्यापुढे उघडा पडला आहे. तिने लिहून ठेवले आहे की मी जे विश्वासू इच्छिते तेवढेच गाते. गाताना सुख मात्र लाभत नाही. विश्वासांगीकाराचा पाठ तिने स्वतःच्या रक्ताने लिहून जवळ बाळगला. आणि दिवस पूर्वीसारखेच चालवले. प्रार्थनेच्या वेळी मागे बसून सतत काहीतरी खुडबुड करणाऱ्या एका भगिनीचा तिला विलक्षण त्रास होई. मागे वळून पाहण्याऐवजी ती त्या आवाजालाच संगीत मानून ऐके. धुणे धुताना समोरची भगिनी मळक्या पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडवी. ती तोंड पुसत नसे. स्वभावतः जिचा तिटकारा, तिच्याकडे पाहून ती मुद्दाम हसे. शेवटी त्या भगिनीनेच विचारले की, माझ्यात असे काय आहे की मी दिसले की तुम्हांला हसू येते! हे प्रसंग एकेकटे वाचले तर किरकोळ वाटतात, क्वचित बालबोधही. यांतले काही काळोखाच्या दिवसांतले आहेत आणि तिने ते टिपले तेही त्याच दिवसांत, हे कळल्यावर ते निराळे दिसतात.

तेरेझचे पुस्तक हिंदुस्थानात लवकर आले. केरळात कोट्टयमजवळच्या कुडमाळूर येथे १९ ऑगस्ट १९१० रोजी जन्मलेल्या अन्नकुट्टीची आई तिच्या जन्मानंतर लवकरच वारली. मावशीने तिला वाढवले. तेरेझचे चरित्र तिने लहानपणीच वाचले. लग्न टळावे म्हणून तेराव्या वर्षी तिने जळत्या भुशाच्या खड्ड्यात पाय घातले आणि ते जन्माचे अधू करून घेतले. क्लॅरिस्ट संघात ती अल्फोन्सा झाली, थोडे दिवस शिक्षिका होती, आणि उरलेले आयुष्य दुखण्यात घालवून २८ जुलै १९४६ रोजी भरणंगानम येथे वारली. तिच्या थडग्यापाशी प्रथम आली ती जवळच्या शाळेतील मुले. २००८ साली ती संतपदास पोहोचली. भारतीय स्त्रियांत ती पहिली. आपल्या कचेऱ्यांतील मलयाळी सहकाऱ्यांच्या घरी भिंतीवर तिचे चित्र आपण पाहिले असेल. तिच्या जन्मानंतर एकाच आठवड्याने, २६ ऑगस्ट १९१० रोजी, स्कोप्ये येथे जन्मलेल्या दुसऱ्या एका मुलीने मठात जाताना नाव घेतले तेही लिझ्यूच्या तेरेझचेच. त्या मदर तेरेसा. त्यांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, आणि त्यांच्याही अंतरी अनेक दशके काळोखच होता हे वाचून जग चकित झाले. तेरेझच्या वह्या ज्यांनी वाचल्या होत्या त्यांना तेवढे आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

मराठीत ख्रिस्ती आशय आणणाऱ्यांची परंपरा लहान नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्यांनी ओवी उचलली आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर आपल्या गद्याचे लेणेच आहे. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिले. स्टीफन्स यांचा श्रोता नवखा होता. त्याला ओवीच्या बोटाला धरून न्यावे लागले. माझ्या वाचकाचा धोका उलट आहे. त्याला सारे फार लवकर ओळखीचे वाटेल. म्हणून मी 'वैकुंठ' टाळले, अभंगाचे वळण टाळले, आणि तेरेझची वाक्ये जेथे खरखरीत आहेत तेथे तशीच ठेवली. या बाबतीत खुद्द तिचीच साक्ष माझ्या बाजूने आहे. बायबलच्या निरनिराळ्या भाषांतरांतील तफावत पाहून तिला वाईट वाटे, आणि आपण धर्मगुरू असतो तर हिब्रू व ग्रीक शिकून मूळच वाचले असते, असे ती शेवटच्या आजारात म्हणाली होती.

राहिला तो शब्द. 'बालसुलभ' मी प्रस्तावनेत एकदा वापरला आहे आणि पुढे सोडून दिला आहे. जेथे ती देवावरील आपल्या विश्वासाविषयी बोलते, तेथे 'श्रद्धा' हा शब्द मला जड वाटला. तो फार निश्चिंत आहे. 'विश्वास' चालला असता. पण आमच्याकडे मूल रस्ता ओलांडताना बापाचे बोट धरते तेव्हा त्याला 'भरवसा' म्हणतात; आणि बाप दिसत नाही अशा अंधारातही तो ठेवता येतो. १८९७ च्या जुलैच्या आरंभी तिला दौत-लेखणी धरवेनाशी झाली. वहीची शेवटची पाने तिने शिसपेन्सिलीने लिहिली आहेत. अक्षर लहान आणि थरथरते झाले आहे. मजकूर पूर्ण न होता मध्येच थांबतो, आणि जेथे थांबतो तेथे हाच शब्द आहे व त्याच्या शेजारी 'प्रेम'. तेथे मी 'भरवसा' लिहिले.